काचेखालची गल्ली

खोटं बोलायचंच होतं, तर स्वतःच्या तोंडाने बोलायचं होतं. त्यासाठी मला कशाला जन्माला घातलंत? तुमच्याकडे जीभ होती, खुर्ची होती, दारात जीप होती. माझ्याकडे पुठ्ठ्याच्या भिंती होत्या आणि स्पंजाची झाडं. लोकांनी विश्वास ठेवला तो तुमच्यावर नव्हे, माझ्यावर. आणि तो तुम्ही माझ्या आडून उचलून नेलात.

नाव मी इथेच घेणार नाही. ज्याला लागायचं त्याला लागेल.

मी एका गल्लीचा नमुना बोलतोय. नागपुरात सदरमधल्या एका कचेरीत, जिन्यासमोरच्या टेबलावर, काचेच्या झाकणाखाली मी पडून आहे. दाराच्या फळीएवढा माझा आकार. दोन्ही बाजूंना बैठी घरं, घरांपुढे ओटे, कडेकडेने लिंबाची झाडं, आणि मधोमध एक सरळ, रुंद, मोकळी गल्ली. येणारे-जाणारे वाकून पाहतात. कुणी म्हणतं, छान आहे. कुणी झाडं मोजतं. एका बाईंनी काचेत पाहून टिकली सारखी केली होती.

ज्या गल्लीचा मी नमुना, ती गोळीबार चौकापासून आत गेलं की लागायची. विणकरांची वस्ती. लोक तिला पाजणी गल्ली म्हणत. विणण्याआधी सुताला भाताची खळ पाजावी लागते, नाहीतर ते मागावर तटातट तुटतं. त्यासाठी लुगड्याचं उभं सूत, म्हणजे ताणा, गल्लीच्या एका टोकापासून पार दुसरीकडे बांबूंच्या आधाराने ताणून धरायचं. मग दोन्ही बाजूंनी माणसांनी कुंचे फिरवत चालायचं. सकाळचं कोवळं ऊन सरळ गल्लीत शिरायचं आणि सूत वाळायचं. घरात हे काम होत नाही. गल्ली हाच त्या लोकांचा कारखाना होता.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण माझी सगळी कहाणी तिच्याभोवती फिरते. ताणा कधी आपल्या दारापुरता मावत नाही. तो शेजाऱ्यांच्या दारांवरून जातो आणि त्याचं दुसरं टोक कुणा दुसऱ्याच्याच दारातल्या खुंट्याला बांधावं लागतं. म्हणून आधी विचारायचं, “बांधू का?” समोरच्याने “बांध” म्हटलं, की तो शब्द झाला. मग ताणा उतरेपर्यंत गल्ली मोकळी ठेवणं ही त्याची जबाबदारी. त्याच्या स्वतःच्या घरची वरात असली तरी ती मागच्या बाजूने वळवायची. ज्याने ताणा बांधला त्यानेच तो उतरवायचा आणि सांगायचं, “उतरवला.” तोपर्यंत शब्द देणाऱ्याची सुटका नाही. ताणलेल्या सुतावरून कुणी हातसुद्धा पलीकडे न्यायचा नाही. या रिवाजासाठी कधी पोलीस लागला नाही की पंच लागले नाहीत.

माझा जन्म याच गल्लीतला. मैनाबाईच्या घरात, तिच्या मागाशेजारी.

मैनाबाईचा नवरा लवकर गेला होता. जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून ती मागावर बसायची आणि त्या मागावर तिने आपल्या ईश्वरदासला शिकवलं. ईश्वरदास कॉलेजात घरं आणि शहरं रचायची विद्या शिकत होता. शेवटच्या वर्षी मास्तरांनी सांगितलं, एक नवी वसाहत रचून आणा. वर्गातल्या बाकीच्यांनी माळरानावर उंच पांढऱ्या इमारती उभ्या केल्या, साखरेच्या ठोकळ्यांसारख्या. ईश्वरदासने आपली गल्ली रचायला घेतली.

“घरं काय, कुणालाही काढता येतात,” तो मित्रांना तावातावाने सांगायचा. “दोन घरांच्या मधली जागा काढून दाखवा. त्याला तिथे काय चालतं ते माहीत असावं लागतं. शहर त्या मधल्या जागेत राहतं रे, भिंतींत नाही!”

मी ऐकायचो आणि माझ्या भिंती ताठ व्हायच्या.

त्याने मला जुन्या कॅलेंडरांच्या पुठ्ठ्यांतून कापलं. मागाच्या तुटलेल्या फणीच्या काड्यांचे दारापुढचे खुंटे केले. स्पंजाचे तुकडे लुगड्याच्या काठाच्या हिरव्या रंगात बुडवून झाडं केली. डिंक संपला तेव्हा आईची भाताची खळ घेतली आणि तिनेच माझे सांधे जोडले. त्यामुळे माझ्या अंगाला अजूनही ताण्याचा वास आहे. झुरळांना तो फार आवडतो.

मैनाबाई मागावरून पाहायची आणि हसायची. “बाप्पा! सायेब होईन म्हनून कॉलेजात घातला, अन् हा बाहुल्याईचे घरं करून राहिला.”

“बाहुल्याईचे नाही वं आई. आपली गल्ली हाये ते.”

“आपली? आपल्या गल्लीत नाली वाहते दारातून. इथं कुठं हाये नाली?”

“झाकली. हे पाय, ओट्याखालून नेली. नळ इथं, चार घरांत एक. छतं गळत नाहीत. ट्रक बाहेरच्या रस्त्यानं जातीन. अन् गल्ली जशी हाये तशीच. सरळ. सकाळचं ऊन पार आतपर्यंत.”

तिने मान लांबवून पाहिलं. मग म्हणाली, “मानसं नाही केले तू.”

“मानसं मागून येतीन.”

परीक्षेला आलेल्या साहेबांनी माझ्याभोवती फेरी मारली. विचारलं, “मोटारी कुठे उभ्या राहणार?”

“सर, या गल्लीत मोटार कुणाकडेच नाही.”

“आज नाही. पुढे येतील.”

“पुढे येणाऱ्या मोटारीसाठी आज असलेला ताणा काढून टाकायचा का सर?”

मला वाटलं, आता याचं वर्ष गेलं. पण साहेब हसले आणि तो पहिला आला. त्या दिवशी मी त्याच्या सायकलच्या कॅरिअरवर आडवा बांधलेला घरी आलो. वाटेत वाऱ्याने माझी दोन झाडं उडाली. तो सायकल टाकून त्यांच्यामागे धावला. स्पंजाच्या दोन तुकड्यांसाठी भर चौकात धावणारा माणूस माझा निर्माता आहे, याचा मला केवढा अभिमान वाटला होता!

पुढे त्याला सदरच्या कचेरीत नोकरी लागली. जुन्या वस्त्या सुधारण्याचं काम तिथे चालायचं. त्याचे वरिष्ठ मनोहरराव, गोड बोलणारे, इस्त्रीचा शर्ट कधी न मोडणारे गृहस्थ. पाजणी गल्ली त्यांच्या यादीवर कधीपासून होती. भिंतींना तडे गेले होते, नाली तुंबली की पाणी मागाच्या खड्ड्यात शिरायचं. सुधारणा हवी होती, याबद्दल गल्लीतही दुमत नव्हतं. पण घरं खाली करा म्हटलं की लोक हलत नव्हते. आधी आलेल्या दोन साहेबांना त्यांनी चहा पाजून परत पाठवलं होतं.

मनोहरराव स्वतः आले तेव्हा गल्लीत ताणा लागला होता. जीप तोंडाशीच थांबली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मैनाबाईची शेजारीण जनाबाई हातात कुंचा घेऊन सुताच्या कडेने चालत होती. ती थांबली नाही.

“बाई, किती वेळ लागेल?” मनोहररावांनी विचारलं.

“सुकन तवा सुकन. घाई असन तं उतरा खाली, तुमाले बी देतो एक कुंचा.”

गल्ली हसली. मनोहररावही हसले, पण घड्याळ पाहत. ते जीपमधून उतरून कडेकडेने चालत मैनाबाईच्या घरापर्यंत आले आणि तिथे कोनाड्याखाली त्यांना मी दिसलो. त्यांनी मला उचलून उजेडात धरलं.

“ईश्वरदास, हे तू केलंस?”

“हो साहेब. असं बांधता येईल. खरंच बांधता येईल.”

“हे दाखवलं तर लोक घरं सोडतील?”

“हे बांधणार असाल तर सोडतील.”

“मग दाखव,” मनोहरराव म्हणाले.

त्या दोन वाक्यांमधला फरक तेव्हा ईश्वरदासला कळला नाही. मलाही नाही. आम्ही दोघंही आनंदात होतो.

मला दाखवायचं ठरलं ते जनाबाईच्या ओट्यावर. दोन पाटांवर फळी, फळीवर मी. सगळी गल्ली लोटली. एवढी माणसं माझ्यावर एकदम कधी वाकली नव्हती. प्रत्येकाला आधी आपलं घर शोधायचं होतं.

“हे माहं!”

“तुहं कसं? तुहं विहिरीकडचं.”

“अबे, विहीर कुठं हाये यात?”

“हे काय, बटन लावलं न.”

“बटनात पडशीन मंग, दारू पिऊन आला तं.”

गल्लीतले सगळ्यांत थोर चंपतराव. गल्लीच्या टोकाचा खुंटा त्यांच्या दारात होता, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन. ते चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, “घर लहान दिसून राहिलं गा, ईश्वर.”

“नमुना हाये काका. खरं मोठं राहीन.”

“हाव, तेवढं समजते मले,” चंपतराव म्हणाले आणि पुन्हा हशा झाला.

मैनाबाई गर्दीच्या मागे उभी होती. आपल्या पोराच्या कामाला आपणच पुढे होऊन पाहायचं, याची तिला लाज वाटत असावी. जनाबाईने तिला हाताला धरून पुढे ओढलं. तिने ना घर शोधलं, ना नळ पाहिला. माझ्या एका टोकाला बोट ठेवलं आणि ते माझ्या मधून दुसऱ्या टोकापर्यंत नेलं. मग कमरेची रेशमाची रीळ काढली.

“बांधू का?” तिने ईश्वरदासला विचारलं.

चंपतरावांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला.

तो तिचा मुलगा होता. या गल्लीत वाढलेला. “बांधू का” म्हणजे काय, हे त्याला मनोहररावांना समजावून सांगावं लागलं असतं, पण स्वतःला नाही. त्याने आईकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या.

“बांध,” तो म्हणाला.

तिने लाल रेशमाचा एक धागा माझ्या पूर्वेच्या खुंट्याला बांधला, गल्लीभर ताणला आणि पश्चिमेच्या खुंट्याला गाठ मारली. फणीच्या त्या काड्या वाकल्या, पण मोडल्या नाहीत. कुणीतरी पलीकडचं घर दाखवायला माझ्यावरून हात नेला, तर जनाबाईने त्याच्या मनगटावर चापट मारली. “दिसत नाही का? ताणा लागला हाये.”

त्यानंतर जो तो माझ्याभोवती वळसा घालून बोट दाखवू लागला. मनोहरराव कौतुकाने पाहत होते. “किती गोड लोक आहेत,” असं ते ड्रायव्हरला म्हणाले.

महिनाभरात गल्ली रिकामी झाली. कुणी कुणावर जबरदस्ती केली नाही. लोकांनी आपापले माग सुटे केले, लाकडं दोरीने बांधली, आणि रेल्वेलाइनच्या पलीकडे टिनांच्या शेडमध्ये राहायला गेले. काही दिवसांसाठी. मैनाबाई निघताना माझ्याकडे वळली. धाग्याला बोट लावून ताण पाहिला. म्हणाली, “ढिला पडू देऊ नको.” मला म्हणाली, की मुलाला, ते कळलं नाही. मी मात्र ते मनाला लावून घेतलं.

मग मला कचेरीत आणलं. टेबलावर ठेवलं. माझ्याभोवती बैठका सुरू झाल्या.

पहिल्या बैठकीत मनोहररावांनी बोलता बोलता चहाचा कप माझ्या गल्लीत ठेवला. धाग्याच्या बरोबर शेजारी. ईश्वरदासने वाक्य अर्धवट सोडून तो कप उचलला आणि खिडकीत नेऊन ठेवला. “साहेब, इथे नको.” सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मी मनातल्या मनात म्हटलं, पाहिलंत? हा माझा माणूस आहे.

आधी माझी झाडं गेली. मुळांमुळे पाया खचेल, असं कुणीतरी म्हणालं. ईश्वरदास भांडला. संध्याकाळी एकटाच माझ्यासमोर बसून पुटपुटला, “एवढं सोडलं तर बाकीचं वाचेल.”

मग विहीर गेली. तो भांडला. एवढं सोडलं तर बाकीचं वाचेल.

मग ओटे गेले. रस्त्यावर अतिक्रमण होतं म्हणे. ओट्यावर बसून बायका रिळा भरायच्या, म्हातारे ताण्यावर नजर ठेवायचे, पोरं अभ्यास करायची. ही सगळी माणसं अतिक्रमण ठरली. तो थोडासा भांडला.

मला कळत नव्हतं की हा माणूस हरतोय कुठे. त्याचा आवाज चढायचा, टेबलावर मूठ आपटायची, आणि तरी दर वेळी माझं काहीतरी कमी व्हायचं. मग लक्षात आलं. कागदावर जे कमी होत होतं ते माझ्या अंगावरून कुणी काढत नव्हतं. माझी झाडं जागच्या जागी होती. बटणाची विहीर होती. ओटे होते. मी तसाच सुंदर होतो. पाहुणे आले की त्यांना मलाच दाखवत. शेडमधून कुणी विचारायला आलं तरी मलाच दाखवत. “हे काय, असंच होणार आहे.” लोक मला पाहून, धागा जागेवर आहे याची खात्री करून, समाधानाने परत जात.

तुम्ही मला काचेत घातलंत तेव्हा मला वाटलं, जपण्यासाठी घातलंत.

शेवटची बैठक गल्लीबद्दल होती. जुन्या बाजारातल्या ट्रकना चौकापर्यंत सरळ वाट हवी होती. रस्ता इथून काढला तर सोपं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तळमजल्यावर दुकानांचे गाळे. विणकरांना वर, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांवर खोल्या. पक्क्या, गच्चीच्या, प्रत्येकाला नळ. ईश्वरदासला तोवर स्वतःची केबिन मिळाली होती. मनीषनगरच्या बाजूला, जिथे अजून शेतं होती, तिथे त्याने प्लॉट पाहून ठेवला होता.

“खोल्या चांगल्या आहेत, ईश्वरदास,” मनोहरराव समजुतीने म्हणाले. “आणि गल्लीचं तेवढं मनाला लावून घेऊ नकोस. नवीन पिढी विणणार आहे का? तू विणतोस का?”

ईश्वरदासने नकाशा पुढ्यात ओढला. मी वाट पाहत होतो. फणीच्या काड्यांनी धागा ताणून धरलेला, आणि मी वाट पाहत होतो. काच पुसायला त्या दिवशी काढून ठेवली होती. शिपायाने चहा आणला. ईश्वरदासने आपला कप घेतला, एक घोट प्यायला, आणि पुढ्यातला नकाशा पाहता पाहता तो कप खाली ठेवला.

माझ्या गल्लीत ठेवला.

तो डाग अजून आहे. लोकांना वाटतं, तिथे चौक दाखवलाय.

इमारती बांधून झाल्या. मी त्या पाहिल्या नाहीत. पण कचेरीच्या भिंतीवर त्यांचा फोटो आहे, माझ्या समोरच. रुंद रस्ता, रांगेने उभे ट्रक, खाली शटर, वर खिडक्यांच्या रांगा. ऊन तिथे भरपूर आहे. फक्त सरळ जागा नाही. आणि तिसऱ्या मजल्यावर मागासाठी खड्डा कुठे खणायचा? खालच्या माणसाच्या छतात?

लोक राहायला गेले. जायचं कुठे दुसरं? शेडची टिनं तोवर गंजली होती. ज्यांना जमलं त्यांनी मशीनच्या मागावर नोकरी धरली, काहींनी हमाली. चंपतराव उमरेडला मुलीकडे गेले. मैनाबाईच्या मागाची लाकडं जिन्याखाली रचून ठेवली होती. ईश्वरदास तिला न्यायला गेला तेव्हा ती म्हणाली होती, “तुह्या घरी माग मांडतो का? मंग येतो.” तो म्हणाला, आई, आता कशाला माग. ती गेली नाही. हे सगळं मला कचेरीतल्या बोलण्यातून कळत गेलं. ईश्वरदास स्वतः माझ्यासमोर बसणं सोडून कितीतरी दिवस झाले होते.

मग गेल्या वर्षी, त्र्याऐंशीत, कचेरीत प्रदर्शन भरलं. ‘सुंदर शहर, सुखी शहर’. मला पुसलं. झाडांना नवा रंग दिला. पुढे पाटी लावली: ‘विणकर वसाहत. जीवनपद्धतीतून घडलेली नगररचना.’ आणि पाहुण्यांसमोर सफारीतला ईश्वरदास बोलायला उभा राहिला.

काय बोलला म्हणून सांगू! “शहराची रचना माणसांच्या सवयींतून व्हायला हवी. रस्ता म्हणजे फक्त वाहनांची वाट नव्हे. दोन घरांच्या मधल्या जागेत शहर राहतं.” शब्दन् शब्द खरा. कोनाड्याखाली मी ऐकलेला, तोच. खोटं बोलला असता तर मला एवढं लागलं नसतं. त्याने आमच्यातलं खरं होतं तेच खोट्याच्या कामाला लावलं. टाळ्या पडल्या. मनोहरराव, आता निवृत्त, पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होते.

पाहुणे फराळाला गेले आणि दारातून दोन बायका आत आल्या. पुढे जनाबाई, मागे मैनाबाई. दोघींनीही घरची धुवट लुगडी नेसली होती, मशीनची.

“इथं ठेवली म्हने आपली गल्ली,” जनाबाई मोठ्याने म्हणाली. “म्हनलं, पाहून येऊ. आमच्या इकडं तं सापडून नाही राहिली.”

ईश्वरदास लगबगीने पुढे आला. “आई! सांगतलं असतं तं गाडी पाठवली असती न.”

“बसनं आलो. काही दूर नाही,” मैनाबाई म्हणाली. ती काचेपाशी आली. तिच्या श्वासाने काच धुरकट झाली. पदराने तिने ती पुसली. “हे झाकन काढ.”

“काहून?”

“काढ न.”

त्याने शिपायाला हाक मारली नाही. स्वतःच काच उचलून भिंतीला टेकवली. कितीतरी दिवसांनी माझ्या अंगाला बाहेरचा वारा लागला. मैनाबाई वाकली. चहाच्या डागाकडे तिने पाहिलं, पण काही विचारलं नाही. धाग्याला बोट लावून ताण पाहिला.

तो ढिला नव्हता. एवढं तरी मी पाळलं होतं.

मग तिने पश्चिमेच्या खुंट्याची गाठ सोडायला घेतली.

“आई, काय करून राहिली?”

“ताणा उतरवून राहिली.”

“राहू दे न आई. एवढं तरी राहू दे.” त्याचा आवाज बदलला. सफारीच्या आत कुठेतरी सायकल टाकून धावणारा पोरगा अजून शिल्लक होता, हे मला त्या क्षणी कळलं, आणि त्याचाच मला सगळ्यांत जास्त राग आला. होतास, तर त्या दिवशी कुठे होतास? “मी अजून प्रयत्न करीन. दुसऱ्या वस्तीत तरी अशी गल्ली काढीन. तुही शपथ.”

“किती दिवस लोकाईचा ताणा दारात ठेवशीन, बापू?” ती शांतपणे म्हणाली. “मीच बांधला, मलेच उतरवा लागन. तू अडकून पडला उगाच.”

गाठ बारीक होती आणि तिची नजर कमी झाली होती. जनाबाईने नखाने मदत केली. धागा सुटला. पूर्वेची गाठही सुटली. काड्या ताठ उभ्या राहिल्या, आणि मला एकदम अंगातलं काहीतरी निघून गेल्यासारखं वाटलं. मैनाबाईने धागा बोटाभोवती गुंडाळला, कमरेला खोचला आणि सगळ्या गल्लीने ऐकावं तशा आवाजात म्हणाली,

“उतरवला.”

मग मुलाकडे पाहून म्हणाली, “झालं. सुटला तू.”

तिने शिवी दिली असती, शाप दिला असता, तर तो उभा राहू शकला असता. तो टेबलाचा काठ धरून खाली बसला. दोघी जिना उतरून गेल्या. जनाबाईचा आवाज खालून येत राहिला, बस कुठे मिळेल ते कुणाला तरी विचारत होती.

आज माझी अवस्था विचाराल, तर रंग ताजा आहे, पाटी चकचकीत आहे, आणि सांध्यांतली खळ झुरळं आतून खात आहेत. फार दिवस मी टिकणार नाही. त्याचं दुःख नाही. जी गल्ली झालीच नाही तिचा नमुना म्हणून जगण्यात काय राम आहे?

पण वाचणाऱ्या माणसा, एक मागतो. तुझ्या वस्तीतही कधीतरी माझ्यासारखा कुणी येईल. पुठ्ठ्याचा, गोड, हिरव्या झाडांचा. सोबत खराखुरा, तळमळीचा माणूसही असेल. मला पाहून घर सोडू नकोस. त्या माणसाच्या भाषणाला टाळ्या वाजवू नकोस. रोज त्याच्या दारात जाऊन उभा राहा. पहिलं झाड जाईल त्याच दिवशी भांड. ‘एवढं सोडलं तर बाकीचं वाचेल’ असं तो म्हणू लागला, की समज, सगळं गेलं.

प्रदर्शनाच्या त्या दिवशीचं एवढंच सांगायचं राहिलं. ईश्वरदास शेवटी उठला आणि काच परत माझ्यावर ठेवू लागला. तेवढ्यात शेजारच्या खोलीतून कुहीकडचे एक शेतकरी, रुपराव, आपलं जमिनीचं काम आटोपून बाहेर आले. जिन्याकडे जाता जाता मला पाहून थबकले. टोपी काढून खाली वाकले. घरं पाहिली, ओटे पाहिले, विहीर पाहिली, त्या मोकळ्या सरळ गल्लीत नजर पार टोकापर्यंत नेली. त्यांचा चेहरा खुलला.

“बाप्पा! काय झकास गल्ली हाये न सायेब,” ते ईश्वरदासला म्हणाले. “कोन्त्या बाजूले पडते ही? नागपुरात आलोच हाओ, तं पाहूनच जातो म्हनलं.”